दुसरा मोजा

मागच्या महिन्यात एका सकाळी मी माझ्या भाचीशी खोटं बोलले. फार मोठं नाही, एका मोज्यापुरतंच. पण मोठमोठी खोटी बिनबोभाट पचवलेल्या माणसाच्याही दातात एखादं बारकं खोटं अडकून बसतं, तसं हे बसलंय. झालं असं की आम्हा दोघींना नऊ वाजता बाहेर पडायचं होतं. आठ वाजता माझी आंघोळ झाली होती, कपडे करून झाले होते आणि मी पलंगाच्या कडेवर बसले होते. उजव्या पायात मोजा चढला होता. डावा हातात होता. आणि मी थांबले. दुखत होतं म्हणून नाही, दुखणं त्या वेळी बऱ्यापैकी गप्प होतं. विसरलेही नव्हते. वाकायचं, पाय उचलायचा, मोज्याचं तोंड दोन अंगठ्यांनी फाकवायचं आणि त्यात पाय घालायचा, एवढीच चार कामं होती, पण ती समोर उंच जिन्यासारखी उभी राहिली आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकायला मनच होईना. हेही चूकच लिहिलं. मन तयार होतं, मनाचा निरोप खाली पोचत नव्हता. समोर भिंतीवर घड्याळ होतं. आठ बारा झाले, आठ वीस झाले. मोज्याच्या काठावरचा एक सुटलेला धागा मी इतका वेळ पाहिला की तो आजही काढून दाखवता येईल.

दारात भाची आली. "आत्या, काय शोधतेयस?"

माझं तोंड जमिनीकडे होतं, म्हणून तिला तसं वाटलं असणार. मी म्हणाले, "दुसरा मोजा." आणि म्हणता म्हणता हातातला मोजा मांडीखाली सरकवला. मुठीत लपवता आला असता, पण सकाळी माझी मूठ वळत नाही. पोरगी लगेच गुडघ्यांवर बसली, मोबाइलचा उजेड पलंगाखाली फिरवला, उशा उचलून पाहिल्या, धुतलेल्या कपड्यांचा ढीग उपसला. मी बसून पाहत होते. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी बरं वाटलं. मोजा सापडेपर्यंत बसून राहायला मला एक सभ्य कारण मिळालं होतं. पाच-सात मिनिटांनी मी "अगं, हा बघ, इथेच होता" म्हणत तो काढला. ती "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसली. त्यानंतर आम्ही वेळेवर निघालो, दिवस नीट गेला, आणि तो मोजा मात्र माझ्या डोक्यातून काही निघाला नाही.

"दमलेय" असं का नाही म्हणाले? कारण सकाळी साडेआठला दमलेय म्हणायची सोय नाही. दमायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. दमणूक ही कमाईची गोष्ट आहे, ती दाखवता येते, तिच्यावर पाठ टेकता येते. आपल्या भाषेत या प्रांतातल्या शब्दांना काही तोटा नाही. दमणूक अंगमेहनतीची, झोपेनं उतरणारी. शीण वणवणीचा. कंटाळा मनात उगवतो आणि अंगावर येतो. मरगळ एका माणसाची नसतेच, ती घरभर पसरते. ग्लानी तापातली, सुस्ती पोटभर जेवल्यानंतरची. अंग आंबून जातं ते वेगळं, आणि हातपाय गळतात ते बहुधा वाईट बातमीनं. या सगळ्यांच्या वर बसलेला आळस, जो शब्द आपण स्वतःसाठी लाडानं वापरतो आणि दुसऱ्यासाठी शिवीसारखा. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात माझ्या थकव्याचं नाव नाही. त्याला आधीचं काही नसतं, त्यामुळे नंतरचंही काही नसतं. दहा तास झोपून मी उठते तेव्हा तो पायथ्याशी बसलेला असतो, जणू रात्रभर त्यानंच माझी राखण केली.

लोकांना सांगायची माझी पद्धत ठरलेली आहे. "मला थायरॉईड आहे." सगळेच असं म्हणतात आणि सगळ्यांना ते कळतं, पण हे वाक्य किती वेडगळ आहे! थायरॉईड सगळ्यांनाच असतं. गळ्याच्या खालच्या बाजूला, वीसेक ग्रॅमची ग्रंथी. ज्यांना "थायरॉईड आहे" त्यांच्याकडेच ते असून नसल्यासारखं असतं. दुसरं वाक्य, "आणि संधिवातही आहे." त्यावर समोरचा माणूस लगेच माझ्या गुडघ्यांकडे बघतो. माझा आमवात, म्हणजे बोटांच्या मुळांचा, मनगटांचा, तळपायांचा. गुडघे त्यातल्या त्यात सज्जन. पण लोकांना गुडघेच हवे असतात, आणि मीही आता दुरुस्ती करत बसत नाही. दोन्ही आजारांचं मूळ तसं एकच, शरीराची राखण करणारी फौज घरच्यांनाच शत्रू समजायला लागते. एका ठाण्यावर तिनं गळ्यातली ग्रंथी पोखरली, दुसऱ्या ठाण्यावर सांध्यांचं अस्तर. आमवात असलेल्यांत ग्रंथीचा हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, असं मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मला का कोण जाणे, जरा हायसं वाटलं. निदान दोघं ओळखीचे होते. या ग्रंथीच्या आजाराला ज्यांचं नाव आहे ते हाशिमोतो नावाचे जपानी डॉक्टर. त्यांनी तो १९१२ साली लिहून ठेवला आणि पुढे गावी जाऊन साधी डॉक्टरकी केली. १९३४ साली ते वारले. ही आपल्याच फौजेची करणी आहे हे रक्तात सापडलं १९५६ साली. बिचाऱ्यांना आपल्या नावाच्या आजाराचा गुन्हेगार शेवटपर्यंत कळला नाही.

तर दोन आजार, आणि थकवा एक.

सकाळ कशी असते ते सांगते. जाग येते ती आधी बोटांना. डोळे उघडायच्या आधी मी अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून बघते, हजेरी घेतल्यासारखी. करंगळीपर्यंत अंगठा पोचला तर दिवस बरा. बहुतेक दिवशी तो अनामिकेपाशी अडकतो. बोटं सुजलेली दिसतात त्याहून जास्त सुजलेली वाटतात, आतून कुणी ओली वाळू भरल्यासारखी. मग उशाशी ठेवलेली थायरॉईडची गोळी. ती उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास दुसरं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. गोळी इवलीशी, पांढरी. त्यात औषध असतं ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाख भागांतले पंच्याहत्तर. बाकी सगळा भरणा. पण ती पाकिटातून बाहेर काढायची तर मागून अंगठ्यानं दाब द्यावा लागतो, आणि तो अंगठा सकाळी सहा वाजता कुणाचं ऐकत नाही. म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराच्या ताब्यात. मी किल्लीच्या टोकानं मागचा पत्रा फोडते. कधी गोळी उडते, टणटण करत पलंगाखाली जाते, आणि मी तिच्याकडे बघत राहते. वाकून उचलायला जे लागतं तेच मिळावं म्हणून ती घ्यायची असते.

खरा तंटा त्याच्यापुढे सुरू होतो. सांधे म्हणतात, हल. पडून राहिलीस तर मी आणखी धरणार. हललीस, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवलेस, चार फेऱ्या मारल्यास, तर तासा-दीड तासात सोडीन. झीज झालेल्या सांध्यांची सकाळची आखड बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते, आमवाताची तासाच्या पुढे जाते. डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारतात. आणि इकडे गळ्यातलं ते आळशी खातं म्हणतं, कशाला? अजून जरा पड. पांघरूण ओढ, थंडी वाजतेय ना? वाजतेच. इतरांना उकडत असतं तेव्हा माझी नखं निळसर असतात. कुणाचं ऐकायचं? ऐकायचं सांध्यांचं, हे मला माहीत आहे. हललं तर दोघांचंही भलंच होतं, हेही माहीत आहे. माहीत असणं आणि उठणं यांच्यामध्ये रोज सकाळी एक मोजा असतो.

थकव्याचे दोन तुकडे करून दाखवा, असं मला कित्येक वर्षं सांगितलं गेलं. अगदी या शब्दांत नाही. ग्रंथीच्या डॉक्टरांकडे गेलं की ते माझा टीएसएच, म्हणजे ग्रंथी मंदावली की वाढणारा रक्तातला आकडा, बघतात आणि म्हणतात, रिपोर्ट उत्तम आहे, हा थकवा आमच्याकडचा नाही, सांध्यांचा असेल. सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलं की ते ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले सुजेचे आकडे बघतात, बोटं दाबून बघतात, आणि म्हणतात, सूज आटोक्यात आहे, थायरॉईड तपासलंत का? ही टोलवाटोलवी कुणी दुष्टपणे करत नाही. दोघंही आपापल्या कागदापुरते खरे असतात. पण मधल्या जिन्यात दोन फायली छातीशी धरून मी उभी राहते तेव्हा मला वाटतं, माझा थकवा हे अपुऱ्या पत्त्याचं पाकीट आहे. कुणीही फोडत नाही, नुसता शिक्का मारून परत पाठवतात. गंमत म्हणजे दोन्ही खात्यांची हद्द मुळात सरळ नाहीच. नुसतं थायरॉईड मंद झालं तरी सांधे-स्नायू दुखतात, मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येतात. आणि सांध्यांची सूज पेटली की ती सूज स्वतःच माणसाला तापात पडल्यासारखं थकवून टाकते, ग्रंथी कशीही असो. वर रक्त कमी असू शकतं, दुखण्यामुळे झोप तुटलेली असू शकते. कोणाच्या वाट्याचं किती, हे मोजायचं यंत्र कुणाकडे नाही.

एकदाच मला माझ्या थकव्याचा पुरावा डोळ्यांनी दिसला. अगदी सुरुवातीला, गोळी लागू व्हायच्या आधी. डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघ्यांवर उभं केलं, पावलं मागे लोंबकळती, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटक्यात हललं, तसं सगळ्यांचंच हलतं. पण परत येताना ते रमत-गमत आलं. जसं काही त्याला मागे बोलावलंय हे कळायलाच वेळ लागला. मान वळवून मी ते पाहिलं आणि मला हसू फुटलं. डॉक्टरही हसले. "बघा, तुमचा पायसुद्धा विचार करून परततो." इतके महिने मी स्वतःला ज्या नावानं मनातल्या मनात हाक मारत होते, ते आळशी हे नाव त्या एका क्षणात गळून पडलं. पायाला आळस कसा करता येईल? त्याला माझा स्वभाव थोडाच माहीत होता.

मधे एक घोळ झाला, तो माझ्याच सोयीसाठी मी केला आणि कुणी वेळेवर टोकलं नाही. सांध्यांसाठी स्टिरॉइड सुरू झालं तेव्हा हाडांना जपायला कॅल्शियमची गोळी आली. मी म्हटलं, सकाळी एकदा हात चालतोय तेवढ्यात दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेऊन टाकू, दोनदा पाकिटांशी मारामारी कोण करणार? सात महिने तसं केलं. त्या सात महिन्यांत मी हळूहळू ओल्या गोधडीसारखी जड होत गेले. आवाज घोगरा झाला, लोकांना फोनवर वाटायचं मी झोपेतून उठलेय. शब्द सापडेनासे झाले. "कात्री" म्हणायला मी हातानं कापायची खूण करायचे. सगळं सांध्यांच्या खात्यावर मांडत गेले, कारण त्या दिवसांत सांधे खरंच पेटले होते. पुढे तपासणीत टीएसएच अकराच्या वर निघाला. डोस चुकलाच नव्हता. कॅल्शियम पोटात त्या गोळीला धरून ठेवत होतं, आतड्यांतून पुढे जाऊच देत नव्हतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीचंही तेच. अंतर ठेवलं, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा म्हणाले. त्याआधी कळत नाही, कारण हे औषध रक्तात सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं. मंद माणसाचं औषधही मंद. दोन महिन्यांनी "कात्री" परत आली. थकव्यातला एक मोठा ढेकूळ विरघळला. आणि तो विरघळल्यावर खाली दुसरा दिसला, तो आधीपासून होताच.

झोप न लागणाऱ्या रात्री मी या औषधांची कुळकथा वाचत बसते. (थकलेल्या माणसाला झोप लागते हा गैरसमज आहे.) १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या तरुण इंग्रज डॉक्टरांनी सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी या आजारात माणूस सुजत, गारठत, मंदावत संपायचा. त्या बाई पुढे चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगल्या, अठ्ठावीस वर्षं, मेंढ्यांच्या जिवावर. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली, नाताळच्या दिवशी, त्या अर्कातला नेमका पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला, थायरॉक्सिन. त्यांची एक आठवण सांगितली जाते. प्रयोग चालू असताना त्यांना डुलकी लागली, भांड्यातलं मद्यार्क उडून गेलं, आणि जाग आल्यावर तळाशी राहिलेल्या थरानं त्यांना वाट दाखवली. जगभरच्या पेंगणाऱ्यांचं औषध पेंगताना सापडावं! पुढे साधारण तीन टन डुकरांच्या ग्रंथींमधून त्यांना ३३ ग्रॅम थायरॉक्सिन मिळालं. पण मी उठून बसले ते पुढचं वाचून. हेच केंडॉल नंतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींकडे वळले, आणि त्यातून जे निघालं ते कॉर्टिसोन, माझ्या स्टिरॉइडचं मूळ. त्यांचे सहकारी फिलिप हेंच यांनी २१ सप्टेंबर १९४८ रोजी ते आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या बाईला टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालायला लागली, बाजारात जाऊन आली. १९५० साली नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या उशाशी असलेल्या दोन्ही पाकिटांचे मूळपुरुष एकच गृहस्थ. त्यांना एका आयुष्यात दोन्ही जमलं, आणि माझ्या दोन डॉक्टरांना एकमेकांचा मजला माहीत नाही. त्या एकोणतीस वर्षांच्या बाईचा मी फार विचार करते. ती चालली हे सगळ्यांनी लिहून ठेवलं. बाजारातून आल्यावर ती किती दमली, ते मला वाचायचं होतं.

स्टिरॉइडचे ते पहिले दिवस मलाही आठवतात, आणि आठवताना अजूनही कुणी हरवलेलं माणूस आठवल्यासारखं होतं. गोळी घेतली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी रात्री दोन वाजता कपाट आवरत होते. खरंच आवरत होते, चढून, वाकून, गुणगुणत. बाटल्यांची झाकणं मी नुसती उघडून बंद करून बघितली. मूठ वळली! वळलेली मूठ उघडताना होणारा तो मऊ आवाज, नखांचे तळहातावर उमटलेले चार अर्धचंद्र, मी ते दिव्याखाली धरून पाहिले. पंधरा दिवस मी लोकांशी भरभरून बोलले, पुढच्या महिन्यांची आश्वासनं दिली. मग डोस उतरवत न्यायचा होता, कारण त्या औषधाचं व्याज जबर असतं आणि ते हाडांपासून साखरेपर्यंत सगळीकडून वसूल होतं. उसनं अवसान म्हणतात ते इतकं शब्दशः मी कधी घेतलं नव्हतं. ते गेलं. आश्वासनं राहिली. आपण पूर्वी अशाच होतो, रोज, फुकटात, आणि आपल्याला ते जाणवतही नव्हतं, हे त्या पंधरा दिवसांनी दाखवलं. दाखवलं ते बरं झालं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता आईचं लिहायला हवं. मोज्याच्या दिवसापासून ती सारखी जिन्यात उभी असते.

आई जिना चढताना मधेच थांबायची. पाचव्या-सहाव्या पायरीवर. कठड्यावर हात ठेवून मान जराशी वळवायची आणि म्हणायची, "कुणी हाक मारली का गं?" मी खालून म्हणायचे, "नाही." ती आणखी थोडी थांबायची, कान देऊन ऐकल्यासारखं करायची, मग वर जायची. रोज. मला वाटायचं तिला भास होतात. पुढे पुढे मला राग यायचा. तिचं सगळंच सावकाश असे. उन्हाच्या दिवसांतही अंगात लोकरीचं काहीतरी, दुपारी बसल्या जागी मिटणारे डोळे, भरड आवाज, कोरडे पडून तडकलेले हात. तिच्या पन्नाशीतल्या एका फोटोत भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झालेल्या स्पष्ट दिसतात. आता मी असा फोटो बघितला तर आधी रक्त तपासायला सांगेन. तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि मी तिला म्हटलं होतं, "आई, किती गं हळू तू! तुझ्यामागून जिना चढायचा म्हणजे शिक्षा आहे." ती हसली होती. कधीच तपासणी झाली नाही तिची. तिला काय होतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे आजार घराण्यातून उतरतात, तेवढंच मला माहीत आहे. आणि आणखी एक उतरलं. कुणीही हाक मारलेली नव्हती, हे मला चाळीस वर्षांनी, पलंगाच्या कडेवर, मांडीखाली मोजा दडवताना कळलं. तिला चार श्वासांची जागा हवी होती आणि ती मागून घ्यायची नव्हती. म्हणून ती हाक ऐकायची, मी मोजा शोधते.

मी मध्यंतरी एक वही घातली होती. थंड थकवा निळ्या पेन्सिलीनं, गरम थकवा लाल. मला वाटायचं मला फरक कळतो. थायरॉईडचा थंड, बुळबुळीत, विचारांवर साय धरल्यासारखा. सांध्यांचा गरम, तापाच्या आदल्या रात्रीसारखा, त्यात चिडचिड फार. तीन आठवडे मी मन लावून रंगवलं. मग दिवस असे यायला लागले की निळ्यावर लाल गिरवलंय आणि लालवर परत निळं, आणि कागद फाटलाय. वही ठेवायलाच बोटं दुखत होती, आणि वही न भरल्याची टोचणी उरलेला जीव खात होती. ती बंद केली. आता एवढंच करते की चांगला दिवस आला की त्याला ओरबाडत नाही. पूर्वी चांगल्या दिवशी मी आठवड्याची कामं उपसायचे आणि पुढचे तीन दिवस त्याची फेड करायचे. आता निम्म्यात उठते, काम तसंच अर्धं टाकून, आणि हे अर्धं टाकणं मला दुखण्याहून कठीण गेलंय, कारण माझा स्वभाव काम पुसून-लखलखवून ठेवायचा. आंघोळीच्या खोलीत स्टूल आलंय. भाजी चिरण्यापासून पत्र लिहिण्यापर्यंत सगळं बसून. कोमट पाण्याचं पातेलं आणि त्यात पहाटे दहा मिनिटं हात, हा माझा दिवसातला सर्वांत सुखाचा वेळ आहे. पाण्याखाली बोटं आपली आपण सुटायला लागतात, एकेक, आणि मी काहीही करत नसते. "दिसत तर नाहीस आजारी" असं म्हणणाऱ्यांना मी "हो ना" म्हणते. "हल्ली मलाही फार दमायला होतं" असं म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग यायचा, तो अलीकडे कमी झालाय. कोण कुठल्या पायरीवर थांबून कसली हाक ऐकतोय, काय सांगावं.

परवा पुन्हा तीच वेळ आली. पलंगाची तीच कड, उजव्या पायात मोजा, डावा हातात. भाची दारात आली आणि या वेळी तिनं काहीच विचारलं नाही. येऊन शेजारी बसली. गादी तिच्या बाजूला दबली तशी मी थोडी तिच्याकडे कलले. बराच वेळ आम्ही दोघी घड्याळाकडे बघत होतो.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मोजा तुझ्या मांडीखाली होता ना? टाच बाहेर आली होती."

माझे कान तापले. "दिसला होता तुला?"

"आल्या आल्या."

"मग पलंगाखाली काय शोधत होतीस इतका वेळ?"

तिनं खांदे उडवले. "तू उठेपर्यंत काहीतरी करायला नको का?" आणि थोडं थांबून, "आज पण शोधू?"

आठ चौदा झाले होते.

"शोध जरा," मी म्हटलं, आणि मोजा मांडीखाली सरकवला.